उपक्रम बदलायची मुभा द्या, मग डिझाइन थिंकिंग शिकवा

उन्हाळी शिबिराचा फलक चौकात लागतो तोवर सगळं ठरलेलं असतं. हॉल ठरलेला, वेळ ठरलेली, टी-शर्टचा रंग ठरलेला, उद्घाटनाला कोण येणार तेही ठरलेलं. कोण येणार नाही हेसुद्धा त्याच बैठकीत ठरून गेलेलं असतं, फक्त इतिवृत्तात त्याची नोंद नसते. हॉल पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणजे व्हीलचेअरवरची मुलगी बाहेर. वेळ संध्याकाळी पाचची आणि वस्तीत नळाला पाणी त्याच वेळी, म्हणजे हंडे भरणाऱ्या मुली बाहेर. सगळे खेळ शिट्टीवर, म्हणजे ऐकू न येणारा मुलगा बाहेर. नोंदणीला शाळा-कॉलेजचा दाखला हवा, म्हणजे शिक्षण सुटलेला आणि रात्री मार्केटात गोण्या उचलणारा अठरा वर्षांचा पोरगा बाहेर. शिबिर संपल्यावर अहवालात लिहिलं जातं, 'सर्वांसाठी खुले'. लिहिणारा खोटं लिहीत नाही. दार खरंच उघडं होतं.

युवकांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना डिझाइन थिंकिंग शिकवलं तर असे उपक्रम सर्वसमावेशक होतील, असा विचार आता संस्थांच्या बैठकांत, महाविद्यालयांत आणि कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्यावरचा खर्च पाहणाऱ्या, विभागांत मांडला जातो. मी या विचाराच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. ज्या ताईला किंवा दादाला आपण हे शिकवणार, तिच्या किंवा त्याच्या हातात ठरलेला उपक्रम बदलण्याची, पुढे ढकलण्याची आणि प्रसंगी रद्द करण्याची मुभा हवी. ती नसेल तर या प्रशिक्षणाने त्यांचं दुःखच वाढेल. कोण सुटतंय हे त्यांना स्पष्ट दिसू लागेल आणि त्याबद्दल काहीच करता येणार नाही.

डिझाइन थिंकिंग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. हर्बर्ट सायमन या अमेरिकी विचारवंताने १९६९ मध्ये मांडलं की, आहे ती परिस्थिती बदलून हवी तशी करण्यासाठी जो कोणी कृतीचा आराखडा आखतो, तो डिझाइनच करत असतो. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डिझाइन शाळेने आणि आयडिओ या कंपनीने त्याला एक शिकवता येण्याजोगी शिस्त दिली. आधी माणसांजवळ जाऊन त्यांचं जगणं समजून घ्यायचं, मग प्रश्न नेमका काय आहे ते ठरवायचं, मग उत्तरं सुचू द्यायची, त्यातल्या एखाद्याचा कच्चा नमुना करायचा, तो त्याच माणसांसमोर ठेवून तपासायचा आणि गरज पडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. यात जादू काहीच नाही. योगायोग असा की त्याच १९६९ साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनाही सुरू झाली. पवई ते आपलं ठाणे हे अंतर रिक्षाने जाता येण्याएवढं. तरी डिझाइनचं शिक्षण आणि युवकांचं काम ही दोन क्षेत्रं आपल्याकडे क्वचितच एका टेबलाशी बसली.

या पद्धतीची खरी ताकद कल्पना सुचण्यात नाही. कल्पना आपल्या कार्यकर्त्यांना भरपूर सुचतात. अर्ध्या तासात पथनाट्य बसवणारी मुलं आपल्याकडे वस्तीवस्तीत आहेत. ताकद आहे ती दुसऱ्या पायरीत, म्हणजे प्रश्न नव्याने मांडण्यात. स्टॅनफर्डच्या एका वर्गातल्या विद्यार्थ्यांना २००७ मध्ये स्वस्त इन्क्युबेटर तयार करण्याचं काम मिळालं होतं. ते नेपाळला गेले तर तिथल्या रुग्णालयात इन्क्युबेटर नुसते पडून होते. कमी वजनाची बाळं जन्मत होती दूरच्या खेड्यांत आणि रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. तेव्हा प्रश्न बदलला. यंत्र स्वस्त कसं करायचं हा प्रश्न मागे पडला आणि वीज नसलेल्या घरात आईला बाळ उबदार कसं ठेवता येईल हा पुढे आला. त्यातून बाळाला गुंडाळून ठेवायची, ऊब धरून ठेवणारी 'एम्ब्रेस' नावाची पिशवी तयार झाली आणि पुढे तिचं काम भारतात उभं राहिलं. प्रश्न तोच ठेवला असता तर जगाला आणखी एक स्वस्त इन्क्युबेटर मिळाला असता आणि तोही पडूनच राहिला असता.

आता हेच आपल्या शहरात आणून पाहा. 'या मुलांना शाळेची गोडी नाही' असा प्रश्न मांडला की उत्तर येतं, समुपदेशन करा, पालकांच्या सभा घ्या. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर सिग्नलला वस्तू विकणाऱ्या मुलांबाबत समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी २०१६ मध्ये प्रश्न वेगळा धरला. ही मुलं शाळेपर्यंत जात नाहीत, तर शाळा त्यांच्यापर्यंत का जाऊ नये? उड्डाणपुलाखाली, मालवाहू कंटेनरमध्ये सिग्नल शाळा उभी राहिली. आंघोळ आणि जेवण हा तिथल्या दिवसाचा भाग झाला, कारण रस्त्यावर राहणाऱ्या मुलासाठी धडा त्यानंतरच सुरू होऊ शकतो.

मुंब्र्यात 'परचम' या संस्थेने मुलींबरोबर फुटबॉल सुरू केला तेव्हाही अडचण मुलींच्या आवडीची नव्हती. मैदानं होती, पण ती मुलांनी भरलेली होती. मुलींसाठी मैदानात जागा आणि वेळ मिळावी म्हणून पाठपुरावा करावा लागला. मुली खेळायला येत नाहीत, असं म्हणणारा कार्यकर्ता घरोघरी जाऊन आईवडिलांना समजावत बसतो. मुलींना खेळायला जागा नाही, असं म्हणणारा कार्यकर्ता महापालिकेच्या दारात जातो. प्रश्नाच्या मांडणीबरोबर कामाचा पत्ताच बदलतो.

आणि रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेच्या मुलांबरोबर ठाण्यात उभा केलेला 'वंचितांचा रंगमंच'. वस्तीतल्या मुलांना तयार नाटक देऊन ते पाठ करून घेणं सोपं होतं. मतकरींसारख्या नाटककाराकडे संहितांची काय कमी? तरी त्यांनी मुलांनाच त्यांच्या जगण्यातले विषय मांडायला लावले. पाणी, दारू, शाळा, घरातली भांडणं, जे मुलांना बोलायचं होतं ते रंगमंचावर आलं. २०२० मध्ये मतकरी गेले, पण त्यांनी ठेवलेला हा धडा प्रत्येक युवा कार्यकर्त्याने गिरवावा असा आहे.

ही कामं डिझाइन थिंकिंगच्या नावाने ओळखली जात नाहीत. मग त्याचं प्रशिक्षण हवं कशाला, असा प्रश्न जुने कार्यकर्ते विचारतात, आणि तो रास्त आहे. राष्ट्र सेवा दल १९४१ साली सुरू झालं तेव्हापासून महाराष्ट्रात शिबिरं, कलापथकं, श्रमदान यांची मोठी परंपरा आहे. लोकांत जाऊन राहायचं, त्यांच्याकडून शिकायचं, हे आम्हाला अमेरिकेने शिकवायला हवं का? माझं उत्तर असं की, परंपरा सोबतीने पोचत असते. वीस वर्षांच्या मुलाने एखाद्या मुरलेल्या कार्यकर्त्याबरोबर दहा वर्षं हिंडावं, त्याचं बोलणं ऐकावं, त्याच्या चुका पाहाव्यात, आणि मग त्याला वस्ती वाचता यावी. आज ही सोबत तुटली आहे. बहुतेक तरुण कार्यकर्ते प्रकल्पावर नेमलेले असतात. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा, पगार तुटपुंजा, तो संपला की दुसरी संस्था किंवा दुसरीच नोकरी. त्यांच्या वाट्याला मुरण्याएवढा काळ येतच नाही. अशा मुलीच्या हातात विचारण्याची, नोंदण्याची आणि तपासण्याची एक शिस्त देणं हा तिला मिळालेला मोठा आधार असतो. शिवाय शिस्तीचा आणखी एक उपयोग आहे. बावीस वर्षांच्या फिल्डवरच्या ताईने संचालकांना 'मला वाटतं वेळ चुकतेय' म्हटलं तर ते कुणी ऐकत नाही. 'चौदा मुलींना भेटले, अकरा जणींनी पाण्याच्या वेळेचं कारण सांगितलं, त्यांनी सुचवलेल्या वेळी दोनदा घेऊन पाहिलं' असं म्हटलं तर ऐकावं लागतं.

असं म्हणता येईल असं प्रशिक्षण द्यायला हवं. पण दोन दिवसांच्या कार्यशाळेत बऱ्याचदा काय होतं? वातानुकूलित हॉल, रंगीत चिकट चिठ्ठ्या, चार्ट पेपर, स्केच पेन. एक काल्पनिक तरुण ठरवायचा. 'रमेश, वय १९, दिव्यांग, राहणार कळवा.' त्याच्या भावना काय असतील ते सगळ्यांनी मिळून लिहायचं. संध्याकाळपर्यंत भिंत चिठ्ठ्यांनी भरते आणि फोटो चांगले येतात. कळव्यात खरेखुरे तरुण राहतात, त्यांना फोन करता येतो, त्यांच्या घरी जाता येतं. असं असताना कल्पनेतला रमेश कशासाठी? त्याच्याकडून आपल्याला तेच कळतं जे आपल्याला आधीपासून वाटत असतं.

त्याहून काळजीचा प्रकार म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावणं. अंध व्यक्तीचा अनुभव यावा म्हणून हा खेळ अनेक प्रशिक्षणांत घेतात. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण कोलोरॅडो विद्यापीठात एरियल सिल्व्हरमन यांनी, ज्या स्वतः अंध आहेत, सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासात दिसलं की पट्टी बांधून पाहिल्यावर लोकांना अंध व्यक्ती कामाला आणि स्वतंत्र राहायला कमी सक्षम वाटू लागतात. कारण उघड आहे. पट्टी बांधणाऱ्याला अंधत्वाचा पहिला भांबावलेला क्षण कळतो, वीस वर्षांत कमावलेलं कौशल्य कळत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या वांगणीत अनेक अंध कुटुंबं राहतात. त्यातली कितीतरी माणसं रोज गर्दीच्या लोकलमध्ये चढून, वस्तू विकून, सुट्टे मोजून घरी परततात. फलाटावरची गर्दी कशी ओळखायची, डबा कसा शोधायचा, अनोळखी जागी सुरुवात कुठून करायची, हे त्यांना विचारा. ज्या प्रशिक्षणात पट्टी बांधली जाते पण एकही अंध प्रशिक्षक नसतो, त्यातून कीव घेऊन कार्यकर्ते बाहेर पडतात. आणि कीव आलेला माणूस उपक्रम बदलत नाही, खाऊ वाटतो.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांचा वापर करून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं, या सहभाग म्हणून धरायच्याच नाहीत असं त्यांनी सांगितलं. आपल्या कार्यक्रमांकडे या शिडीवरून पाहावं. उद्घाटनाला दिव्यांग मुलांचं समूहनृत्य असतं, टाळ्या होतात, पाहुण्यांचे डोळे पाणावतात. नंतरच्या स्पर्धांमध्ये ती मुलं नसतात. आयोजन समितीत तर नसतातच. मला हे बघवत नाही. त्या मुलांनी नाचू नये असं मी म्हणत नाही. नाच झाल्यावर त्यांना बसमध्ये बसवून परत पाठवू नये, एवढंच मागणं आहे.

इथे कायदा कार्यकर्त्याच्या बाजूने उभा आहे, पण प्रशिक्षणांत त्याचं नाव फार कमी निघतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली. त्यातलं कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीबद्दल आहे, कलम ३० खेळांबद्दल. म्हणजे नाटक, शिबिर, सहल, कबड्डी या गोष्टी दयेवर सोडलेल्या नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक फरक फार नेमकेपणाने सांगितला. सुगम्यता, म्हणजे कुणालाही अडचणीविना येता-वापरता येईल अशी रचना, ही आधीपासून, कोण येणार हे माहीत नसतानाही, सगळ्यांसाठी करून ठेवायची गोष्ट आहे. एखाद्या व्यक्तीची विशिष्ट गरज समोर आल्यावर करून द्यायची वाजवी सोय ही निराळी गोष्ट. एकीने दुसरीची जबाबदारी संपत नाही. आपल्याकडे उलट चालतं. 'तुमच्या मुलाला आणा, आम्ही काहीतरी करू' असं पालकांना सांगितलं जातं. म्हणजे आधी मुलाने यायचं, अडायचं, चारचौघांत सगळ्यांचं लक्ष वेधून घ्यायचं, आणि मग दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून जिना चढवायचा. एकोणीस वर्षांच्या मुलीला परक्या माणसांनी असं उचलावं? ती पुन्हा येत नाही, आणि अहवालात तिच्या नावापुढे 'गैरहजर' लागतं.

नवी मुंबई महापालिकेचं वाशीतलं ईटीसी केंद्र आणि ठाणे महापालिकेची 'जिद्द' शाळा यांनी विशेष मुलांसाठी जे काम उभं केलं, त्याचा मला आदर आहे. फार थोड्या महापालिकांनी असं काही केलं असेल. पण केंद्रातून मूल दुपारी घरी येतं, आणि संध्याकाळी त्याच्या सोसायटीच्या गणपतीत चित्रकलेची स्पर्धा असते. ती संध्याकाळ कुणाच्या कामात मोडते? विशेष शिक्षकांची हद्द तिथे संपलेली असते. तिथून युवा कार्यकर्त्याचं काम सुरू होतं. आणि हा कार्यकर्ता बहुतेक वेळा कुठल्या संस्थेचा पगारी माणूस नसतोच. तो मंडळाचा पोरगा असतो.

म्हणून मंडळांबद्दल थोडं विस्ताराने बोलायला हवं. ठाण्यातलं लोकमान्यनगर असो की नवी मुंबईतलं कोपरखैरणे, तरुण मुलं खऱ्या अर्थाने जमतात ती गणेशोत्सव मंडळात, गोविंदा पथकात, व्यायामशाळेत, कबड्डीच्या मैदानावर. युरोपात युवा कार्य हा शिकून करायचा व्यवसाय मानतात, त्यासाठी युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस कार्यक्रमातून प्रशिक्षणं होतात. आपल्याकडे तशी पदवी घेतलेले लोक मूठभर, आणि ज्यांच्या शब्दावर वस्तीतली शंभर मुलं उभी राहतात ते अध्यक्ष-कार्याध्यक्ष प्रशिक्षणाच्या यादीत कुठेच नाहीत. संस्थांनी आपल्याच चौघांना पुन्हा पुन्हा पाठवण्यापेक्षा मंडळांच्या मुलांना आत घ्यावं. ही मुलं ऐकणार नाहीत, असा एक समज आहे. मला तो मान्य नाही. ज्यांनी थरांवर थर रचताना वरच्या मुलाचं वजन, खालच्याचा खांदा आणि उतरायचा क्रम सरावात शंभर वेळा बदलून पाहिला आहे, त्यांना करून बघणं आणि बदलणं शिकवावं लागत नाही. तीच नजर त्यांनी मंडपाच्या पायरीकडे, स्पर्धेच्या नियमांकडे आणि बायकांच्या स्वच्छतागृहाकडे वळवावी, एवढंच त्यांच्याशी बोलावं लागेल.

समावेश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त दिव्यांगता येते, हेही पुरेसं नाही. नवी मुंबईत तुर्भ्याच्या आणि दिघ्याच्या वस्त्यांत कानडी, तेलुगू, भोजपुरी बोलणारी मुलं आहेत. मराठी गाण्यांच्या भेंड्यांत ती दोन तास गप्प बसतात. मराठी शिकावं हे मलाही हवंच आहे, पण गप्प बसून कुणी भाषा शिकत नाही. येऊरच्या पाड्यावरची आदिवासी मुलगी ठाण्यातल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला येते तेव्हा परतीची बस आणि जंगलातला अंधार, दोन्हींचा हिशेब करून येते. म्हणून शेवटचा आणि महत्त्वाचा भाग तिचा नेहमी चुकतो. मुलगे इकडे, मुली तिकडे अशी रांग लावली की तृतीयपंथी तरुणाला उभं कुठे राहायचं ते कळत नाही. त्यांची स्वतंत्र ओळख सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केली, आपल्या रांगांना ते अजून माहीत नाही. आणि जात. सह्याद्रीच्या कुशीत सहल, निवासी शिबिर, एकत्र जेवण ठरवताना डब्याबद्दल, आडनावाबद्दल, कोण कुणाशेजारी झोपणार याबद्दल जे दबक्या आवाजात बोललं जातं, ते कुठल्याही चिकट चिठ्ठीवर येत नाही. ते ऐकायला कार्यकर्त्याला मुलांबरोबर भांडी घासायला बसावं लागतं.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. प्रत्येक उपक्रमात प्रत्येकाला घेता येईल का? नाही येणार. आणि घ्यायलाच हवं असंही नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांना कधीकधी आपल्याच गटात, आपल्या खुणांच्या भाषेत, दुभाष्याशिवाय गप्पा मारायच्या असतात. मुलींना मैदानावर फक्त मुलींचा तास हवा असतो. ही वेगळी जागा त्यांनी मागितलेली आहे, त्यांच्यावर लादलेली नाही, आणि तिचा मान राखला पाहिजे. 'सगळ्यांना एकत्र आणा' या घाईत अशा जागा मोडल्या तर आपण समावेशाच्या नावाखाली त्यांचा एकमेव निवांत कोपरा काढून घेतो. फरक ओळखायचा कसा? विचारून. दुसरा मार्ग मला माहीत नाही. जिथे खरंच घेता येणार नाही तिथे ते आधीच उघडपणे सांगावं. डोंगरावरच्या ट्रेकला व्हीलचेअर जाणार नसेल तर तसं लिहा, आणि त्याच महिन्यात व्हीलचेअर जाईल असं दुसरं काही त्याच खर्चात, त्याच उत्साहाने ठेवा.

आता मूळ अडथळ्याकडे येतो. कार्यकर्त्याला सगळं कळलं, प्रश्न नीट मांडता आला, वस्तीतल्या मुलांनी नवी कल्पना सुचवली. पुढे काय? वार्षिक आराखडा एप्रिलमध्ये मंजूर झालेला असतो. सीएसआरच्या प्रस्तावात लिहिलेलं असतं, बारा कार्यशाळा, प्रत्येकी पन्नास लाभार्थी. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे ठरावीक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत अशा कंपन्या रांगेने आहेत. त्यांचा पैसा हवाच. पण तो पैसा आकड्यांत मोजला जातो. राष्ट्रीय सेवा योजनेतही तेच. वर्षाला १२० तास, सात दिवसांचं विशेष शिबिर, एका कार्यक्रम अधिकाऱ्याच्या अंगावर शंभर स्वयंसेवक. तास भरले का, हे विचारलं जातं. तास कुणाला मिळाले, हे सहसा नाही. अशा चौकटीत कार्यकर्ता तेच करतो जे कुणीही शहाणा माणूस करेल. जवळची, सहज येणारी, हजेरी भरून देणारी मुलं गोळा करतो. डिझाइन थिंकिंगने त्याचा स्वभाव बदलावा ही अपेक्षा करणं अन्याय आहे, जेव्हा बदलायला हवा तो प्रस्तावाचा नमुना.

खरंच समावेशक केलेल्या उपक्रमात सुरुवातीला संख्या घटते. पन्नासच्या जागी तीस मुलं येतात, कारण खेळाच्या सूचना तीन पद्धतींनी द्याव्या लागतात, वेळ लागतो, जागा जास्त लागते. खर्च वाढतो. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला मानधन लागतं. व्हीलचेअर जाईल अशी गाडी लागते. येऊरच्या मुलींना रात्री पोचवायला कुणीतरी लागतं. हे खर्च अंदाजपत्रकात 'इतर' या सदरात कोंबले जातात आणि पैसे कमी पडले की सर्वात आधी तिथेच कात्री लागते. त्यांना स्वतःचं सदर हवं. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवणं अपेक्षित आहे. त्यातला काही भाग युवा उपक्रमांतल्या दुभाष्यांवर आणि वाहतुकीवर का खर्च होऊ नये? साहित्यवाटपाचा फोटो निघतो तसा दुभाष्याच्या मानधनाचा निघत नाही, हे कारण असेल तर ते कारण म्हणून स्वीकारू नये.

प्रशिक्षण कसं असावं, याबद्दल माझा आग्रह साधा आहे. हॉलमध्ये एक दिवस पुरे. त्यानंतरचे सहा-आठ आठवडे कार्यकर्त्याने आपल्याच वस्तीत एकच उपक्रम घेऊन बसावं, आणि सुरुवात हजेरीपटाने नव्हे तर जे आले नाहीत त्यांच्या यादीने करावी. त्यांच्या घरी जावं, कारणं लिहावीत, आपल्या शब्दांत नाही तर त्यांच्या. छोटा नमुना करून पाहावा. एका संध्याकाळचा, दहा मुलांचा, फुकटात होणारा. तो फसला तर काय फसलं ते सगळ्यांसमोर मांडावं. न्यूयॉर्कच्या डिझाइनर नताशा जेन यांनी २०१७ मध्ये डिझाइन थिंकिंगवर कडक टीका केली होती. त्यांचा मुख्य मुद्दा असा की डिझाइनच्या कामात जी परखड चिकित्सा असते, तीच या पाच पायऱ्यांतून गायब झाली आहे. हा मुद्दा आपल्याला तर जास्तच लागू आहे, कारण आपल्या सामाजिक कामात 'छान झालं' म्हणायची सवय खोल रुजलेली आहे. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी ज्यांच्यासाठी उपक्रम केला त्या मुलांनी समोर बसून सांगावं, काय जमलं नाही. आणि प्रशिक्षकांत किमान निम्मे लोक असे असावेत जे एरवी वगळले जातात. व्हीलचेअर वापरणारे, अंध, तृतीयपंथी, वस्तीत वाढलेले, शाळा सुटलेले. त्यांना मानधन इतर प्रशिक्षकांइतकंच. 'अनुभव सांगायला' बोलावून पुष्पगुच्छावर बोळवण करू नये.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी, आणि इथल्या निधी देणाऱ्या कंपन्यांनी, पुढच्या उन्हाळी शिबिरांपासून एक गोष्ट करून पाहावी. मंजूर रकमेतला पाचवा हिस्सा कशावर खर्च होणार ते आधी लिहून मागू नये. तो मुलांना भेटल्यावर जे बदलावं लागेल त्यासाठी मोकळा ठेवावा. अहवालाच्या नमुन्यात 'एकूण लाभार्थी' या रकान्याच्या शेजारी आणखी दोन रकाने घालावेत. कोण आलं नाही आणि का, हा एक. त्यांना भेटल्यावर उपक्रमात काय बदललं, हा दुसरा. दुसरा रकाना कोरा आला तर पुढचा हप्ता देण्याआधी संस्थेला त्याचं कारण विचारावं. आणि भरलेला आला, पण त्यामुळे लाभार्थींचा आकडा पन्नासवरून तीसवर उतरला असेल, तर तो प्रस्तावाचा भंग न मानता पुढच्या वर्षीचा निधी त्या संस्थेला आधी द्यावा.